स्वप्नं लिहून घेणाऱ्या पाटीलबाई

गेल्या आठवड्यात माझ्या मुलीने मानसशास्त्राच्या एम.ए.चा अर्ज भरला. नेहमीचं एम.ए. नव्हे. यात निम्म्याहून जास्त भाग संशोधनाचा, शेवटी प्रबंध, आणि तो पार पडला की मग पीएच.डी.चं दार. अर्ज भरता भरता ती म्हणाली, "बाबा, संशोधन कसं करायचं हे शिकण्यातच दोन वर्षं घालवायची. थेट पीएच.डी.ला का घेत नाहीत?" मी हिशेबी माणूस. दोन वर्षांचे दिवस किती, हे मी तिला लगेच सांगू शकलो असतो. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. म्हटलं, "तुला एकदा पाटीलबाईंबद्दल सांगायला हवं." "सांगा ना," असं म्हणून तिने फोनमध्ये डोकं घातलं. म्हणून लिहून काढतो आहे.

पाटीलबाई रोह्याला आमच्या शेजारी राहायच्या. दोन मजल्यांची इमारत, आठ बिऱ्हाडं, समाईक गॅलरी. मी तेव्हा एकोणतिशीचा, धाटावच्या एका रासायनिक कंपनीत टाइम ऑफिसला होतो. कोण कुठल्या शिफ्टला आला, किती मिनिटं उशिरा आला, हे मांडून ठेवायचं माझं काम. बाई अडतीस वर्षांच्या. मूळच्या पेण तालुक्यातल्या खाडीकाठच्या, पेणला ज्युनिअर कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या आणि रोज एस.टी.ने जा-ये करायच्या. लग्न केलं नव्हतं. घरात त्या आणि त्यांची आई. उंच, खांद्यात थोड्या वाकलेल्या, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. ही पेन्सिल साडीच्या रंगाची असावी, एवढाच त्यांचा नटण्याचा प्रकार.

सकाळी दुधाच्या वेळी गॅलरीत भेटलं, की बाकीचे लोक "काय म्हणताय" म्हणतात. बाई म्हणायच्या, "काय पाहिलंत?"

पहिल्या दिवशी मी विचारलं, "कुठे?"

"झोपेत हो."

"मला स्वप्नं पडत नाहीत."

बाईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढली. "थांबा. 'पडत नाहीत' असं लिहू, की 'आठवत नाहीत' असं? दोन्ही एक नव्हेत."

मला हे फार आवडलं. हजेरीच्या कामात मी रोज हेच सांगून थकलो होतो, की माणूस न येणं वेगळं आणि त्याचं कार्ड न सापडणं वेगळं. साहेबांनाही ते कळत नव्हतं. आणि इथे दुधाची पिशवी हातात घेतलेल्या एका बाईला ते माझ्याआधी कळलं होतं. मी विचार करून सांगितलं, "आठवत नाहीत, असं लिहा."

त्यांना पीएच.डी. करायची होती. विषयही ठरलेला होता, काम आणि स्वप्न. माणूस दिवसभर हातांनी जे करतो ते झोपेत त्याच्याकडे कुठल्या रूपात परत येतं, एवढं त्यांना पाहायचं होतं. विद्यापीठातल्या गाइड सरांनी सांगितलं होतं, "आधी एम.फिल. करा. लहान विषय घ्या, पद्धत शिका, मग मोठ्या पाण्यात उतरा." बाईंच्या आईला हे पटलं नव्हतं. गॅलरीत तांदूळ निवडता निवडता त्या माझ्या बायकोला ऐकवायच्या, "लोकांच्या पोरी एका एम.ए.वर संसार करतात. हिला परीक्षेच्या आधी परीक्षा पायजे. आनि कसली, तर लोकांच्या झोपेची!"

आतून बाई ओरडायच्या, "आये, तुला काल काय पडलं ते सांग आधी!"

"तुजं लगीन पडलं सपनात. लिव!"

आणि बाई खरोखरच लिहायच्या.

एम.फिल.साठी त्यांनी दोन गट घेतले. एक आमच्या कंपनीतले शिफ्टवाले चाळीस, दुसरे पेणजवळच्या हमरापूरकडचे गणपती रंगवणारे चाळीस. शिफ्टवाल्यांच्या झोपेचं आठवड्याला चक्र बदलतं. मूर्तिकार दिवसाउजेडी बसून रंग देतात, आणि त्यांतले सर्वांत कसबी हात फक्त डोळे आखतात. या दोन प्रकारच्या माणसांची स्वप्नं वेगळी असतील, असा बाईंचा अंदाज होता. कंपनीच्या परवानगीचा अर्ज माझ्या टेबलावरून गेला आणि तिथून मी त्यात अडकलो. तक्ते मांडायचं काम मी आपणहून मागून घेतलं.

कॅन्टीनमध्ये चहाच्या सुट्टीत बाई बसायच्या. त्यांच्यासारखी ऐकायची रीत मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. माणूस बोलून थांबला की आपण लगेच "बरं, मग?" म्हणतो. बाई गप्प राहायच्या. मला त्यांनी सांगितलं, "मनात दहापर्यंत आकडे मोजते. खरं असतं ते साताच्या पुढे येतं."

बॉयलरवरचा, खांब गावचा एक माणूस पहिल्यांदा म्हणाला, "सपनं? नाय बा. मेल्यागत झोपतो." बाई गप्प. मी लांबून घड्याळ पाहत होतो. आठव्या सेकंदाला तो चहाचा ग्लास खाली ठेवून म्हणाला, "म्हंजे, सायरन होतो. मी गेटाकडं धावतो. पन गेट पुढंपुढंच जातो. शेवटी गेट आमच्या भाताच्या शेतात जाऊन उभा राहतो, आनि आत माझा बाप कार्ड पंच करत असतो. तो तर वारला."

दाऊदभाई म्हणून फिटर होते, सहा वर्षं आखातात काढून परत आलेले. ते म्हणाले, "बाई, मी तिकडे होतो तवा रोह्याचं सपान पडायचं. आता रोह्यात हाय, तर तिकडचं पडतं. वाळवंट हाय, आनि वाळवंटातून आपली कुंडलिका नदी चाललीय. अम्मी काठावर कपडे धुतेय. पाण्यात नाय हां. वाळूनंच धुतेय, आनि कपडे सफेद निघतायत." एवढं सांगून ते लाजले आणि पोरांवर खेकसले, "काय ऐकता रे? तुमचं काय सपान, ओव्हरटाइमचं!"

बाई सगळं पेन्सिलीने लिहायच्या. पेन का नाही, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पेन बघितला की माणूस साक्ष द्यायला लागतो."

हमरापूरला मी एकदाच गेलो त्यांच्याबरोबर, सुट्टीच्या दिवशी. एस.टी.त बाई बसल्या की झोपायच्या. तोंड उघडं, मान खिडकीवर, हातातली पिशवी मात्र घट्ट. नागोठणं गेलं, वडखळ गेलं, पेणला गाडी बदलली, तिथेही बसल्या बसल्या झोपल्या, आणि उतरायच्या जागी आपोआप जाग्या झाल्या. "रोजचे तीन तास मी सरकारी खर्चाने झोपते," असं हसून म्हणायच्या. पास स्वतःच्या पैशाचा होता, हे मी तेव्हाच त्यांच्या लक्षात आणून दिलं.

तिथे मूर्तींच्या जागेला कारखाना म्हणतात. आमच्या कारखान्यात आवाज आणि वास. इथे लांबच लांब पत्र्याची शेड, आणि आत ओळीने पांढरे गणपती, हजारांच्या घरात. हवेत पांढरी धूळ तरंगत होती आणि पत्र्याच्या फटींतून येणारं ऊन तिच्यात उभं राहिल्यासारखं दिसत होतं. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. शेडच्या पुढच्या टोकाला डोळे आखणाऱ्या बायका बसल्या होत्या. मूर्ती मांडीपुढे घ्यायची, श्वास धरायचा, बारीक कुंचल्याने एक रेघ. श्वास सोडायचा. मग दुसरी. आखून झालेल्या मूर्ती त्यांच्या मागेच मांडलेल्या. तिथे उभं राहिलं की पाठीमागून शेकडो लोक शांतपणे आपल्याकडे बघत आहेत, असं वाटायचं. मी मूर्ती मोजायला सुरुवात केली होती. दुसऱ्या ओळीत आकडा सुटला आणि पुन्हा मोजावंसं वाटलं नाही.

जयाबाई नावाची पन्नाशीची बाई त्यांच्यात मुख्य होती. ती म्हणाली, "ये गो बाय, बस. आज कोनाकोनाचं घ्यायचं?" बाई तिथेच, आखणी करणाऱ्यांच्या शेजारी, पाटावर बसल्या. आणि काय एकेक स्वप्नं! कुणाच्या स्वप्नात कमळं उगवली होती, तीही मिठागरात. कुणाच्या अंगणात सोन्यासारखं पाणी भरलं होतं. एकीने सांगितलं, "सगले गणपती उठले आनि रांगेनं खाडीवर चालत गेले. मी मागं समई घेऊन. पाय ओला झाला नाय कोनाचा." परतीच्या गाडीत बाई झोपल्या नाहीत. वहीवर हात ठेवून बाहेर बघत होत्या. "राऊत," त्या म्हणाल्या, "हाताला सुंदर काम असलं की झोपही सुंदर होते. हे दिसतंय हो. आकड्यांत दिसतंय."

गाइड सरांना कच्चा निष्कर्ष फार आवडला. ते पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. त्यांनी शब्द दिला, "डिसेंबरअखेर प्रबंध द्या. जाण्यापूर्वी तुमची पीएच.डी.ची नोंदणी माझ्याकडे करून घेतो. माझी शेवटची विद्यार्थिनी तुम्ही." स्वप्नांवर काम करणारा दुसरा गाइड त्या विद्यापीठात नव्हता. हे पत्र बाईंनी मला दोनदा वाचून दाखवलं. आईलाही. आई म्हणाली, "चला, एक तरी म्हातारा तुला व्हय म्हनाला."

दिवाळीच्या सुट्टीत मी शेवटचे तक्ते मांडायला बसलो. चार दिवस सतत दुसऱ्यांची स्वप्नं वाचत होतो, आणि तिसऱ्या दुपारी पान पुढे ठेवून बसल्याजागी मला डोळा लागला. आखलेले रकाने मिठागराचे चौकोन झाले होते. एकेकात पाणी भरत होतं आणि प्रत्येक चौकोनात कुणाची तरी अम्मी, कुणाचा तरी बाप पाय सोडून बसला होता. मी काठावरून त्यांची हजेरी घेत होतो. शेवटची ओळ मात्र कोरडी होती. जागा झालो आणि तक्ता पुन्हा पाहिला. शेवटचा रकाना होता 'भीती, मृत्यू, नुकसान'. कंपनीच्या चाळिसांपैकी तेवीस. हमरापूरच्या चाळिसांपैकी शून्य.

एक-दोन असते तर मी काही बोललो नसतो. पण चाळीस माणसं, घरात आजारपणं, सासुरवास, पोरांची लग्नं, आणि एकालाही कधी वाईट स्वप्न नाही? माझ्या हजेरीत एखाद्या खात्यात महिनाभर एकही गैरहजर दिसला नाही, की मी खातं तपासायला जातो.

तरी मी दोन दिवस सांगितलं नाही. डिसेंबर जवळ होता. बायको म्हणाली, "तुम्हाला काय करायचंय? त्यांचे सर खूश आहेत ना?" तिसऱ्या दिवशी गॅलरीत बाईंनी विचारलं, "काय पाहिलंत?" आणि मी सांगून टाकलं.

बाईंनी तक्ता हातात घेतला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "तुम्हाला स्वप्नच पडत नाहीत, म्हणून दुसऱ्यांची बघवत नाहीत का हो?" आणि दार लावून घेतलं. चार दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी त्या हमरापूरला गेल्या.

तिथे काय झालं ते त्यांनी आल्यावर, चपला न काढता, आमच्या दारात उभं राहून सांगितलं. मोसम संपलेला, शेड रिकामी. जयाबाई मागच्या पाण्याच्या टाकीपाशी हातपाय धूत होती. बाई शेजारच्या दगडावर बसल्या आणि सरळ विचारलं, "जयाबाय, तुमाला कुनालाच वाईट सपान पडत नाय?"

जयाबाई हसली. "पडत नाय कशाला? मानसंच हाव आमी. पन तितं कसं सांगनार?"

"तितं म्हंजे?"

"अगो, डोले आखलेल्या देवांफुडं? डोले दिलं म्हंजे तो बघतो, आयकतो. त्याच्या म्होरं मेल्याबुडाल्याचं बोलतात? मोसमात तर शेडीत शिवी पन देत नाय कोन." आणि मग, बाईंचा चेहरा बघून तिने घाईने जोडलं, "आनि तुजी परीक्षा ना गो. आमी सगल्यांनी मिलून ठरवलं व्हतं, बायला चांगली चांगली सांगायची. म्हंजे तुला मार्क चांगलं पडतील."

हे सांगताना बाई हसू लागल्या. हसता हसता भिंतीला टेकल्या, आणि मग त्यांचं हसू थांबेना, आणि ते हसू राहिलं नाही. माझ्या बायकोने त्यांना आत आणून बसवलं.

"मी पंधरा वर्षं मानसशास्त्र शिकवते," त्या म्हणाल्या. "मी खाडीकाठची. माझी आईसुद्धा देवापुढे वाईट बोलत नाही. आणि मी त्या बायकांना देवांच्या रांगेत बसवून विचारलं. मी काय शिकवत होते हो?"

सरांनी मार्ग सुचवला. हा अनुभव 'अभ्यासाच्या मर्यादा' म्हणून एका परिच्छेदात लिहावा, आकडे आहेत तसे ठेवावेत, डिसेंबर चुकवू नये. एम.फिल.च आहे, पुढे पीएच.डी.त दुरुस्ती करता येईल. सल्ला वाईट नव्हता. बरेच जण तसं करतात, असं मला नंतर कळलं. बाईंना ते जमेना. आखणीचा मोसम पुन्हा यायला वैशाख उजाडणार होता, आणि मोसमातलीच माहिती हवी होती. म्हणजे वर्ष जाणार. सर जाणार. मी कागदावर तारखा मांडून पाहिल्या, कुठून दोन महिने वाचतात का. वाचत नव्हते.

आई म्हणाली, "खोटं तू बोललीस का? त्या बोलल्या. तुज्यावर काय येतं?"

"आये, त्या खोटं नाय बोलल्या. मी विचारलं खोटं."

डिसेंबर गेला. उन्हाळ्यात सर निवृत्त झाले. बाईंनी मुदतवाढीचा अर्ज केला आणि मोसम आल्यावर पुन्हा हमरापूरच्या फेऱ्या सुरू केल्या. यावेळी त्या शेडीत गेल्याच नाहीत. टाकीपाशी, आंब्याखाली, बायका हातांचा रंग धुवायला यायच्या, तिथे बसायच्या. काही वेळा दिवसभरात एकच स्वप्न मिळायचं. कुणाला आपण आखलेले डोळे एकेक करून मिटताना दिसायचे. कुणाचं पोर पाण्यात जायचं आणि हाताला कुंचला चिकटलेला असल्यामुळे त्याला धरता यायचं नाही. त्या वह्या मांडताना मी मधूनमधून उठून गॅलरीत जाऊन उभा राहायचो.

निष्कर्ष एका ओळीचा निघाला: दोन गटांत उल्लेखनीय फरक आढळला नाही. पहिला निष्कर्ष इतका देखणा, आणि हा असा. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं म्हणे, "मग बाई, तीन वर्षांत तुम्ही मिळवलंत काय?" बाई म्हणाल्या, "कुठे बसून विचारायचं ते." एम.फिल. मिळालं. श्रेणी मध्यम.

मी त्यांना एकदा विचारलं होतं, की मी ते शून्य दाखवलं नसतं तर बरं झालं असतं का. मी नकळत मोजत होतो. दहा झाले, बारा झाले. "राऊत," त्या म्हणाल्या, "मला अजून कधीकधी राग येतो तुमचा." एवढंच. मला ते उत्तर पुरलं.

पुढची चार वर्षं त्या वेगवेगळ्या विद्यापीठांना पत्रं लिहीत होत्या. गाइड मिळत नव्हता. कुठे जागा नव्हती, कुठे वय आड येत होतं. मधल्या काळात आई भावाकडे गावी राहायला गेली. मग विदर्भातून एका गाइडचं पत्र आलं. ते बाईंपेक्षा नऊ वर्षांनी लहान होते. त्यांनी लिहिलं होतं, की तुमच्या प्रबंधातलं पद्धतीवरचं प्रकरण मी विद्यार्थ्यांना वाचायला देतो, तुम्ही याच. बाईंनी कॉलेजातून बिनपगारी रजा घेतली.

त्या निघाल्या त्या दिवशी माझी सेकंड शिफ्ट होती, दुपारची, म्हणून सकाळी मी सामान घेऊन पेणच्या स्टँडपर्यंत गेलो. दोन पिशव्या, एक वळकटी, वह्यांची पेटी. पेणहून कल्याण, तिथून नागपूरची रेल्वे. आरक्षण केलेलं. जयाबाई आणि आणखी तिघी निरोपाला आल्या होत्या, हाताला रंग तसाच.

"आता ही कनची परीक्षा गो?" जयाबाईने विचारलं.

"हीच शेवटची. चार-पाच वर्षं चालंल."

"अगो बाय! पास झाल्यावर तुला पेन्शनच देतील."

सगळ्या हसल्या. गाडी लागली. मी सामान वर चढवलं, बाई खिडकीपाशी बसल्या. कंडक्टरने घंटी मारायला हात वर केला, तेवढ्यात त्या तिघींतली एक, जी तोवर एक शब्दही बोलली नव्हती, खिडकीखाली आली. बाईंच्या दोन्ही वह्यांत तिच्या नावापुढे 'सांगितलं नाही' एवढंच होतं. ती म्हणाली, "बाय, माजं राहिलंच. सांगू?"

"सांग ना."

"हितं नाय. गाडीत मानसं हायत."

बाईंनी कंडक्टरकडे पाहिलं. कंडक्टर म्हणाला, "बाई, येताय का उतरताय?"

मी घड्याळ पाहिलं. पुढची गाडी पन्नास मिनिटांनी. वाटेत कुठे खोळंबा झाला नाही, तर कल्याणला हातात वीस मिनिटं उरत होती. खोळंबा झाला तर काहीच नाही. हे मी खालून बाईंना सांगितलं, आकड्यांसकट. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं, मान हलवली, आणि उतरल्या. वळकटी मी पुन्हा खाली घेतली. गाडी गेली.

मला शिफ्ट होती. थांबता येत नव्हतं. रोह्याच्या गाडीत बसलो आणि मागे वळून पाहिलं. स्टँडच्या टोकाला, माणसांपासून दूर, त्या वह्यांच्या पेटीवर बसल्या होत्या. समोर ती बाई उकिडवी बसून, जमिनीकडे बघत काहीतरी सांगत होती. पाटीलबाईंच्या हातात कागद नव्हता. त्या नुसत्या ऐकत होत्या.